बोडखीवर काय दिसलं, सर

अन्वर सर, माझ्या नावामागे आज जी पदवी लागते ती विद्यापीठाने छापून दिली, पण माझ्या हाती ती तुम्ही आणून ठेवली. हे तुमच्यासमोर मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही चष्मा कपाळावर सारून म्हणाला असतात, "गजाननराव, भाषण नको. काय पाहून आला ते सांगा." मी काही मोठं बोलायला लागलो की तुम्ही मला 'राव' लावायचे. एरवी मी नुसता गजू.

कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर लिहून द्या असा निरोप आला. जन्म, शिक्षण, सेवा, निवृत्ती, सगळं त्यात यावं असंही कळवलं. ते त्यांना ऑफिसातून मिळेल. दिग्रसच्या पेपरात तुमचा फोटो आला, खाली 'वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक' असं छापलं होतं. त्यातल्या 'गाढे'वर तुम्ही लाल शाईने काट मारली असती. मी पेपर घडी करून ठेवला आहे, काट मारायची माझी हिंमत झाली नाही.

नागपूरला मी पोचलो तेव्हा कब्रस्तानातून लोक परतायला लागले होते. यवतमाळला गाडी बदलण्यात उशीर झाला. मी चपला हातात धरून बाजूला उभा होतो, पुढे जावं की नाही कळत नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "आप उनके शागिर्द हो क्या?" मी मान हलवली. "तो दूर क्यों खड़े हो? आओ, मिट्टी दो." मी माती दिली. ती काळी होती, आपल्याकडच्या शेतातली वाटावी अशी. आणि सर, तिथून वळताना माझे डोळे आपोआप कंपाउंडच्या दगडी भिंतीवर गेले, फटीत कुठे नेचा आहे का ते बघायला. तुमची माती अजून हाताला होती. मला लाज वाटली. तुम्ही मात्र विचारलं असतं, "होता का?"

नव्हता, सर.

माझे बाबा दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. तुमचे वडील त्याच जिनिंगमध्ये फिटर होते. पहिल्या वर्षी तुम्ही मला वर्गात उभं करून गाव, बाप, काम विचारलं तेव्हा मी खाली बघून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "खाली काय बघतो? तुझ्या बाबांच्या अन् माझ्या अब्बांच्या नाकात एकाच मशीनचा कापूस गेला." सगळा वर्ग हसला, आणि मी पहिल्यांदा बाकावर टेकून बसलो. तोपर्यंत मी बाकाच्या कडेला बसायचो, कुणी उठवेल म्हणून.

मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते आवडीने नाही. त्या विषयाला जागा शिल्लक होती, एवढंच. आवड लागली ती दोन वाट्यांमुळे.

तुम्ही टेबलावर स्टीलच्या दोन वाट्या ठेवल्या होत्या. दोन्हींत एकेक तपकिरी गुंडाळी, मिटलेल्या मुठीएवढी. चहाच्या गाळलेल्या भुकटीचा रंग. "यातली जिवंत कोणती?" तुम्ही विचारलं. कुणी म्हणालं डावीकडची, कुणी उजवीकडची, मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, दोन्हीचं वरण करा." तुम्ही दोन्ही वाट्यांत पाणी ओतलं आणि नेच्यांवर शिकवायला लागलात. फूल नाही, बी नाही, पानाच्या मागच्या बाजूला बीजाणू. तास संपता संपता दोन्ही मुठी उघडल्या. बोटभर देठ, आणि प्रत्येक देठावर मोराच्या तुऱ्यासारखा छोटा पंखा. मयूरशिखा. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या उद्या वाजवा," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी उजवीकडच्या वाटीतले पंखे हिरवे झाले होते. डावीकडचे उघडेच होते, पण तपकिरी. तुम्ही सांगितलं की ती तुम्ही आदल्या दिवशी घरच्या तव्यावर भाजून आणली होती, आणि पोळीच्या तव्यावर गवत भाजलं म्हणून तुमच्या बेगमनी, आमच्या चाचींनी, तुमच्याशी बोलणं टाकलं आहे. आम्ही हसलो. मग तुम्ही फळ्याकडे न वळता, साध्या आवाजात म्हणालात, "उघडणं हे पाण्याचं काम आहे. मेलेलं पानसुद्धा पाण्यात उघडते. हिरवं होणं हे तिचं काम आहे."

ते मी वहीत उतरवलं नाही. गरज पडली नाही.

त्यानंतर तुम्ही आम्हाला बाहेर न्यायला लागलात. तुमची लूना, मागे मी, आणि माझ्या मांडीवर पाण्याचा कॅन. आर्णीकडून फुलसावंगीच्या बाजूला जाताना ती टेकडी लागते. झाड नाही, झुडूप नाही, नुसता काळा पत्थर, म्हणून लोक तिला बोडखी म्हणतात. उन्हाळ्यात तिथे चपलेतून चटका लागतो. उत्तरेकडच्या कड्याच्या फटींत मयूरशिखा होती, पण वैशाखात ती दगडाच्या रंगाचीच होऊन जायची. पहिल्या वेळी मी एक झुपका बोटाने दाबला आणि म्हणालो, "मेली सर."

"कोणी सांगितलं?"

"दिसून राह्यलं ना सर."

"दिसून राह्यलं ते वाळली. मेली हे तू जोडलं."

तिथेच तुमचा नियम मला पहिल्यांदा कळला. बघून आलेलं तोंडी सांगायचं नाही, लिहून द्यायचं. कागदावर जागा, वेळ, हवा. मग 'दिसलेलं'. मग त्याखाली 'न दिसलेलं', आणि हा भाग तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. जिथे नजर पोचली नाही ती जागा रिकामी आहे असं लिहायचं नाही, बघायची राहिली असं लिहायचं. इतर कॉलेजांतल्या मुलांना हे ऐकून हसू यायचं. आमच्या पोरांना ते अंगवळणी पडलं. पुढे तर हॉस्टेलचा डबा आला तरी कोणी म्हणायचं, "दिसलेलं वांगं, न दिसलेलं तेल."

तुम्ही स्वतः बोडखीवर वर्षभर जायचे. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, पाऊस नसताना. वाटेतल्या शेतांत लोकांना वाटायचं तुम्ही गुप्तधन शोधता. एका म्हाताऱ्याने तर तुम्हाला थांबवून विचारलं होतं, "मास्तर, सापडलं का?" तुम्ही म्हणालात, "सापडलं बाबा, पण नेता येत नाही." तो बिचारा फार गंभीर झाला.

आता आईचं सांगतो. हे तुम्ही कुणाला सांगितलं नसणार.

मी एम.एस्सी.ला अमरावतीला गेलो तेव्हा तुम्ही मला एका दगडासकट मयूरशिखेचा झुपका दिलात. बोडखीखाली रस्त्यासाठी फोडून टाकलेल्या दगडात ती होती. हॉस्टेलवर जागा नव्हती म्हणून तो दगड मी फुलसावंगीला घरी ठेवला, न्हाणीच्या भिंतीपाशी, आणि आईला एवढंच सांगितलं की सरांनी दिलेलं आहे, जपजो. आमच्या घरात एक चाल आहे. घरातलं कुणी बाहेरगावी असलं की त्याच्या वाट्याचा एक गडवा पाणी रोज भरायचा आणि तुळशीला घालायचा. त्या माणसाला परगावी तहान लागत नाही म्हणतात. आईने त्या वर्षी माझा गडवा तुळशीला घातला नाही. मयूरशिखेला घातला. सकाळी एक, आणि मी फार लांब आहे म्हणून संध्याकाळी अजून एक. हातपंपावर रांगा असायच्या, तरीही.

दिवाळीला मी घरी आलो तर दगडावर काळा लगदा होता. आईने तो टोपलीखाली झाकून ठेवला होता.

"मले काय माहीत बाबू," ती म्हणाली, "पाण्यानं मरते म्हून. आपल्याकडं तं सारं पाण्यावाचून मरते."

तिला वाटत होतं माझी परीक्षा आता बुडाली. मी कितीही सांगितलं तरी तिचं डोकं त्या दगडातून निघेना. मी तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही त्याच आठवड्यात लूनावर फुलसावंगीला आलात. आई पदर ओढून दाराआड उभी. तुम्ही खाटेवर बसलात, पाणी मागितलं, पूर्ण गडवा प्यालात आणि मग म्हणालात, "माई, तुमची काही गलती नाही. तहानलेल्याले पाणी देल्लं तुम्ही. त्याची आदत येगळी आहे. त्याले मधात मधात वाळू द्यावं लागते."

"माणसाले तं नाही ना द्यावं लागत?" आईने दाराआडून विचारलं.

तुम्ही रिकामा गडवा तिच्याकडे सरकवलात. आईने तो प्रश्न सहज विचारला होता, सर. मी मात्र तो उचलला आणि पुढची कितीतरी वर्षं तुमच्यामागे लावून धरला.

आपलं भांडण कशावरून सुरू झालं ते तुम्हाला आठवत असणार. कॉलेजात कार्यक्रम होता. ते कापसाचं वाईट वर्ष होतं, त्याच्या आधीचंही वाईट होतं. शेतात झाडं लाल पडली होती, बोंडांत अळी होती, कॅमेरे घेऊन बाहेरगावची माणसं गावोगाव फिरत होती, आणि कॉलेजातल्याच दोन पोरांच्या घरी बाप उरला नव्हता. प्रमुख पाहुण्यांच्या हातात तुम्ही मयूरशिखेची वाटी दिली होती, विभागाची ओळख म्हणून. त्यांनी ती वर धरली आणि भाषणच त्यावर केलं. शेतकरी बांधवांनी या वनस्पतीकडून शिकावं, कितीही कोरड पडो, हिंमत सोडू नये, वाट बघावी, एक दिवस पुन्हा हिरवं होता येतं. टाळ्या पडल्या. त्या दोन पोरांपैकी एक माझ्या पुढच्याच खुर्चीवर होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मागे वळूनही बघितलं नाही. त्याची मान मला अजून दिसते.

मी तेव्हा आर्णीच्या ज्युनियर कॉलेजात नुकताच लागलो होतो, पाहुणा म्हणून आलो होतो. कार्यक्रम संपल्यावर कँटीनमागे मी तुम्हाला गाठलं. आवाज चढला होता माझा.

"सर, त्यांच्या हाती तुम्ही ते कायले देल्लं?"

"झाड आहे. दाखवायले देल्लं."

"ते झाड नाही दाखवून राह्यले. आम्हाले दाखवून राह्यले, असं राहा म्हून."

"मी म्हटलं का असं?"

"तुम्ही खालीच बसले होते ना सर. उठून नाही म्हणायचं होतं."

तुम्ही चहा खाली ठेवलात. "बरं. मग मी काय शिकवू? कापूस शिकवू?"

"शिकवा."

"कापसावर बोलायले सारा देश आला आहे. बोडखीवर कोण बोलते?"

यावर मी जास्तच रागावलो. मी म्हणालो, मयूरशिखा टेकडी सोडून जाऊ शकत नाही म्हणून तग धरते, तिला पर्याय नाही, त्यात कौतुक कसलं. तग धरा असं सांगणारा माणूस नेहमी सावलीत बसलेला असतो. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि शेवटी म्हणालात, "गजाननराव, हे भाषणही छान झालं." मग चहाचा कप माझ्याकडे सरकवलात. अर्धा चहा होता त्यात. मी तो रागारागात प्यालो.

त्यानंतर आपण भेटलो की हा विषय निघायचाच. चाची म्हणायच्या, "लो, आ गया उसका बोंड और इनका पत्थर." तुम्ही कधी माझं ऐकल्यासारखं दाखवलं नाही. पण पुढच्या वर्षीपासून कार्यक्रमात ती वाटी दिसली नाही. मी ते बघितलं होतं, आणि तुम्हाला तसं सांगायला हवं होतं.

मग बोडखीवर दगड फोडून गिट्टी करायची मशीन येणार असं कळलं. कागदावर ती पोटखराब जमीन, म्हणजे जिथे काही पिकत नाही अशी. तुम्ही तहसील ऑफिसात वाळलेला झुपका घेऊन गेलात. टेबलामागच्या माणसाने तो दोन बोटांनी उचलून बघितला आणि म्हणाला, "सर, हे वाळलेलं गवत आहे." तुम्ही त्याच्याकडे वाटीभर पाणी मागितलं. तो म्हणाला, सर, उद्या या, आज माणसं फार आहेत. आणि खरंच फार होती. बाहेर ओट्यावर बाया बसल्या होत्या, मेलेल्या माणसांच्या मदतीच्या कागदांसाठी. तुम्ही मला हे फोनवर सांगितलंत आणि म्हणालात, "त्यांच्यातून वाट काढून मी माझं गवत घेऊन कसा पुढं जाऊ सांग." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला उत्तर मागितलंत. मी म्हणालो, "जाऊ नका सर." आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हेही बरोबर नाही.

आपलं शेवटचं बोलणं आर्णीच्या बसस्टँडवर झालं. तुम्ही निवृत्त होऊन दिग्रसलाच होतात, लेकीकडे, नसरीनताईकडे, नागपूरला निघाला होतात. मी पुन्हा तोच विषय काढला, गंमत म्हणून. गाडी लागली. तुम्ही पायरीवर एक पाय ठेवून म्हणालात, "तू बोलतो ते बरोबर आहे गजू. पण पूर्ण बरोबर नाही. उरलेलं आल्यावर सांगतो."

नागपूरला तुम्हाला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरलेलं काय होतं, सर? मी रोज काहीतरी जुळवून बघतो. तुमच्या आवाजात म्हणून बघतो. बसत नाही.

भादवा लागला तरी पाऊस धरून नव्हता. नसरीनताईचा फोन आला. चाची गेल्यापासून तीच तुमचं सगळं बघत होती. ती म्हणाली, "भैया, अब्बू आजकल एकच शब्द बोलतात. दुसरं काही बोलता येत नाही. पहले मला वाटलं पाणी मागून राह्यले. मग समजलं, बोडखी म्हणतात." मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात आता जास्त दिवस नाही. तुम्ही जाऊन बघा ना, ती तिथे आहे का. एवढं एक त्यांना सांगता आलं तरी."

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेलो. आपण ज्या बाजूने चढायचो ती बाजूच उरली नव्हती. टेकडी भाकरीसारखी अर्धी खाल्लेली. मशीन बंद होती, पण दगडावर, बाभळीवर, पार शेजारच्या कापसावर पांढरी भुकटी बसली होती. पत्र्याच्या खोलीतून मुनीम बाहेर आला.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही. एक झाड पाहायचं होतं."

"इथं?" त्याला हसू आलं. "इथं तं काँग्रेस गवतबी जगत नाही भाऊ. कोण्या खात्याचे?"

"खात्याचा नाही. मास्तर आहे. माझे सर बिमार आहेत, त्यांनी पाहून ये म्हटलं."

तो हसायचा थांबला. आत जाऊन त्याने आपली टोपी आणून मला दिली. "डोक्यात गिट्टी पडते. पाहा. पण आजच पाहा, उद्या सकाळीच सुरुंगाचा बार आहे तिकडच्या अंगाले."

"बार परवा करता येईल का?"

"माझ्या हाती असतं तं," तो म्हणाला, आणि उगाच खिसे चाचपले, जणू ते तिथे कुठे सापडेल.

मी जे बघितलं ते खाली पत्रात आहे. त्या रात्री नसरीनताईने पुन्हा फोन केला. मी दिसलं तेवढं सांगितलं, ते अर्धवट होतं. ती म्हणाली, "तो फिर लिख दो ना भैया, हरी है. कौन जा के देखनेवाला है?" ती चुकीचं काही सांगत नव्हती. दुसऱ्या दिवशी बोडखीवर पुन्हा जाऊन आल्यावर मी पेन घेऊन बसलो. 'हिरवी आहे' एवढे दोन शब्द. तुम्ही आनंदाने गेला असतात. मी ते लिहिलेही, वेगळ्या कागदावर, अक्षर कसं दिसतं बघायला. पण सर, तुम्ही माझ्या कागदावरचं खोटं अक्षरावरून ओळखायचे. तो कागद मी ठेवला नाही. दुसरा घेतला, आणि तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं. चांगलं केलं की वाईट, कुणाला विचारू? ज्यांना विचारायचं तेच पलंगावर होते.

पत्र तुम्हाला मिळालं. नसरीनताई म्हणते, तिने ते तुमच्या कानाशी बसून जसं होतं तसं पूर्ण वाचलं, एक शब्द बदलला नाही. दोन दिवसांपासून तुमचे डोळे मिटलेले होते. वाचून झालं आणि तुम्ही डोळे उघडले. "एकदम उघडले भैया. अब्बू समझ गए थे. उन्होंने सब सुन लिया." पुढच्या जुम्म्याच्या आधी तुम्ही गेलात.

कब्रस्तानातून परतल्यावर ती मला हे सांगत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, समझ गए थे ना? मी हो म्हणालो. दोन वाट्यांची गोष्ट तिला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि ती तुम्हीच शिकवलेली आहे. तुम्ही ऐकलं होतं का, सर? समजलं होतं का? की नुसते डोळे उघडले? हे मला कुठेच जाऊन बघता येणार नाही. तुमच्या कागदावर हे मी 'न दिसलेलं' याखालीच लिहू शकतो.

आई घरी रोज एक गडवा भरून तुळशीला घालते आहे. मी घरीच आहे म्हटलं तर म्हणाली, "तुयासाठी नाही. मास्तरांसाठी. लांब गेले ना ते." मी अडवलं नाही.

तुमच्या उशाखालून निघालेलं पत्र नसरीनताईने मला परत दिलं. ते तुमचं आहे, म्हणून एक शब्द न बदलता इथे ठेवतो.

---

आदरणीय सर,

सा. न.

तुम्ही सांगितलं म्हणून बोडखीवर जाऊन आलो. तोंडी सांगत नाही, लिहून देतो.

जागा: बोडखी, उत्तरेचा कडा, जेवढा उरला आहे तेवढा.

वेळ: सकाळपासून दुपारपर्यंत. नंतर मुनीम म्हणाले, आता निघा.

हवा: कोरडी. पाऊस नाही. सगळ्यावर गिट्टीची भुकटी.

दिसलेलं: खालच्या फटी फुटल्या आहेत. आपण बसायचो तो दगड नाही. हात पोचेल तेवढ्या फटी बोटांनी साफ करून बघितल्या. एका फटीत एक झुपका मिळाला. मिटलेला, भुकटीने पांढरा. मयूरशिखाच आहे, देठावरून खात्री केली. माझ्याजवळच्या बाटलीतलं पाणी फटीत ओतलं आणि समोर बसून राहिलो. झुपका उघडला. पंखे पूर्ण उघडले, सर. रंग तपकिरी.

न दिसलेलं: हिरवी होताना. त्याला दुसरा दिवस लागला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो होतो, पण बार लागायचा म्हणून रस्त्यावर लाल झेंडा होता आणि मला तिकडून पुढे सोडलं नाही. बार झाल्यावर धूळ बसेपर्यंत उभा होतो. ती फट मला परत ओळखता आली नाही.

कड्याच्या वरच्या अंगाला अजून फटी आहेत. तिथे माझा हात पोचला नाही आणि शिडी नव्हती. तिथे नाही असं मी लिहीत नाही. तिथलं बघायचं राहिलं आहे.

तुमचा विद्यार्थी,
गजानन